खाली दोन

रजिस्टरात मी खाली दोन.
वर बाप. चावदस नथू भिरूड, त्याला आख्खी ओळ,
निळी शाई, गोल शिक्का.
खाली एक म्हणजे माय.
खाली तीन होती, ती फैजपूरला दिली,
आता दुसऱ्या कुणाच्या तरी खाली एक.

निवडणुकीआधी बंदुका जमा करतात
तशी एका वर्षी नावं जमा झाली.
त्यांच्यासोबत क्रियापदंही गेली.
सावद्याच्या शेडात मुकादम हजेरी घेतो:
खाली दोन आलं का?
आलं, म्हणायचं.
वासरू येतं, पाखरू येतं, तसं.
मराठीत ती जागा आधीपासून होतीच,
त्यांनी फक्त आम्हाला तिथं नेऊन बसवलं.

घड उतरतो, फणी सुटते,
तुरटीच्या पाण्यात केळ्याचा चीक धुतला जातो,
आमच्या बाह्यांवरचा जात नाही.
माय म्हणायची, कापड फाटंल पण हा डाग राह्यल.
मी ते फार दिवस तक्रार म्हणून ऐकलं.

मग एकदा सुकीच्या काठची बाभूळ ओढणीत अडकली,
काटा राहिला,
फणी उचलताना सालीवर ओरखडला.
दिसलं काहीच नाही, हिरव्यावर हिरवं.
दुपारची भाकर खाऊन बघते तर
तिथं काळी रेघ,
वहीच्या समासासारखी सरळ.

तपासणीवाला क्रेट बंद होण्याआधी बघतो.
टॉर्च मारतो, वजन लिहितो.
त्याच्यापुढं केळं कोरं असतं.
नाव मागून उगवतं,
तोवर वॅगन लागलेली,
बऱ्हाणपूर मागं पडलेलं.

पहिलं मायचं लिहायचं ठरवलं.
रात्री पाटा धुताना विचारलं.
ती गप्प राहिली, वाटलं विसरली.
मग म्हणाली, माहेरचं सांगू का इथलं?
दोन होती तिला.
दोन्ही लिहिली, शेजारशेजारच्या केळ्यांवर.

मग हुस्ना तडवी.
मग जोमली पावरा, डोंगरातून येते,
म्हणाली, ज चं शेपूट नीट काढ.
मग वेणू, जी आता नाही.
तिचं तिच्या भावानं सांगितलं,
विडी विझवून, इकडंतिकडं बघून.
एक बाई नको म्हणाली. तिला तीन लेकरं.
तिचं मी लिहिलं नाही.
ती रोज माझ्या काट्याकडं बघते.

कोण वाचत असेल?
तिकडचा कुणी गाडीवाला
डागी माल म्हणून भाव पाडत असेल.
सोलून साल गायीपुढं टाकत असेल.
हुस्ना गायीच्या पोटात.
तरी तिथवर गेली ना,
बिनपासाची, सोबत बाप्या नाही.

तक्रार आली, वरून माल काळा पडतोय.
साहेब म्हणाले, करपा.
बागांवर दोनदा फवारणी झाली.
मुकादम म्हणाला, हात दाखवा.
दाखवले.
सगळ्यांचेच काळे.

रिकामे क्रेट परत येतात. धुणं आमच्याकडं.
काल एकाच्या बुडाला, आतून,
खिळ्यानं काही कोरलेलं.
वर रेघ आपल्यासारखीच,
खाली अक्षरं भलतीकडंच वळलेली.
बोटानं तीनदा वाचलं,
तीनदा वेगळं लागलं.

तो क्रेट धुतला नाही.
आज त्यातच फणी भरली
आणि इतके दिवस ठेवून दिलेलं
शेवटच्या केळ्यावर लिहिलं:
क ला काना दोन मात्रा, ति पहिली, मग साधा क.
कौतिक.

संध्याकाळची हजेरी. मुकादम दारात.
खाली दोन गेलं का?
सालीवर अजून काही उमटलं नव्हतं.

नाही गेले, मी म्हणाले. इथंच आहे.

नको म्हणालेल्या त्या बाईनं
पाण्याचा नळ बंद केला.
नीट ऐकू यावं म्हणून असेल.
किंवा भीतीनं.